निवारा केंद्र, कोल्हापूर : चौथ्या दिवसापासूनचा हिशेब

पुराच्या काळात शहरात उघडणाऱ्या निवारा केंद्रांची पारख पहिल्या दिवसावरून करू नये. पहिला दिवस सगळीकडं झकास असतो. तालमींची पोरं टेम्पो घेऊन दारात उभी, आमटी-भाताची पातेली वाफाळतायत, कुणी ब्लँकेटं आणून टाकतंय, कुणी लहान पोरांना बिस्किटं वाटतंय. चौथ्या-पाचव्या दिवशी पाऊस उघडतो, पाणी इंच-इंच उतरायला लागतं, देणाऱ्यांची गर्दी ओसरते आणि खोलीत एकच वाक्य फिरायला लागतं : "मग आता कधी जाणार?" हे परीक्षण तेवढ्याच प्रश्नाचं आहे. कुटुंबाला किती दिवस राहता येतं, ते दिवस कोण ठरवतं आणि वाढवून कसे मिळतात. जेवणाच्या चवीला इथं गुण नाहीत. पाचांत मोजायचं तर प्रवेशाला साडेचार, मुदतवाढीला दीड.

प्रवेशाचं घड्याळ स्वच्छ आहे, म्हणून साडेचार. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. सुतारवाड्यातली कुटुंबं सगळ्यांत आधी हलतात, दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात त्यांची सोय होते, आणि कुणाला कुठं जायचं हे फारसं विचारावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मात्र शुक्रवार पेठ, शाहूपुरी, नागाळा पार्क, बापट कॅम्प अशी एरवी निवांत असणारी माणसंही बाहेर पडली. त्यातल्या कित्येकांनी निवारा केंद्र आतून पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर पडण्याच्या घड्याळाला असा कुठला बंधारा नाही. पाणी उतरायला वेळ का लागतो हे आधी समजून घ्या, कारण अर्जात तेच लिहायचं आहे. पंचगंगा पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागंच तुंबून राहतं. त्यामुळं वरच्या धरणक्षेत्रात पाऊस थांबला तरी शहरातलं पाणी लगेच उतरत नाही. उतरलं तरी नळाला पाणी नसतं : दोन्ही महापुरांत बालिंगा, शिंगणापूर, नागदेववाडी ही उपसा केंद्रंच बुडाली होती. म्हणजे दारातलं पाणी गेलं आणि घरात प्यायला थेंब नाही, अशी अवस्था. नेमक्या त्याच दिवशी "पाणी गेलं, आता चला" असं ऐकायला मिळतं.

केंद्रावर याचं कारण बहुतेक वेळा "निधी नाही" असं सांगितलं जातं. त्याबद्दल थोडं सविस्तर. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मदत छावणीतला निवारा, जेवण, कपडे, औषधं यांचा खर्च बसतो. त्याची मूळ मुदत ३० दिवसांपर्यंत. पुरानं किंवा भूकंपानं व्यापक नासधूस झाली असेल तर ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, तीव्र दुष्काळात ९०. छावण्या किती, किती दिवस आणि किती माणसांच्या, हे राज्य कार्यकारी समितीनं नमूद करायचं असतं. आता यातून दोन अर्थ काढायचे, दोनच. एक, पाचव्या दिवशी "मुदत संपली" हे उत्तर निकषातून येत नाही, ते सोयीतून येतं. दोन, ३० दिवस हा तुमच्या कुटुंबाचा हक्काचा मुक्काम नव्हे. सरकारला खर्च दाखवता येईल त्याची ती वरची हद्द आहे. म्हणून केंद्रप्रमुखाशी "आम्हाला महिनाभर राहायचा अधिकार आहे" असं भांडू नका, हरणार. "निकषात जागा आहे, आमचं कारण हे आहे, एवढे दिवस द्या" असं मांडलं तर समोरच्याला वर कळवायला काहीतरी हातात मिळतं.

खरं तर केंद्र रिकामं करण्याची घाई पैशापेक्षा जागेमुळं होते. आपली बहुतेक केंद्रं महापालिकेच्या शाळांत भरतात आणि शाळा सुरू करायचीच असते. एक वर्गखोली डोळ्यांपुढं आणा. २० बाय २५ फुटांची, बाकं भिंतीला एकावर एक रचलेली, फळ्यावर अजून गेल्या आठवड्याचा सुविचार, खिडकीच्या गजापासून पंख्याच्या हुकापर्यंत बांधलेल्या दोरीवर दोन साड्या टाकून केलेले तीन कप्पे, आणि दाराजवळच्या एकुलत्या एक बोर्डाला लोंबणारे सात चार्जर. या खोलीचं क्षेत्रफळ ५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं २०१६ चं किमान माप माणशी ३.५ चौरस मीटर. त्या हिशेबानं इथं १३ माणसं बसतात, म्हणजे चार-पाच जणांची तीन कुटुंबं. प्रत्यक्षात सहा-सात कुटुंबं कोंबली की चौथ्या रात्री भांडण ठरलेलंच, आणि मग लोक आपणहून चिखलातल्या घरात परत जातात. त्याची नोंद "स्वखुशीने गेले" अशी होते. त्याच मापात ३० माणसांमागं एक संडास आणि प्यायला माणशी दिवसाला ३ लिटर पाणी सांगितलंय. १२० माणसांच्या केंद्राला चार संडास आणि २० लिटरचे १८ जार, रोज. जार मोजणं सोपं असतं. तक्रार करायची तर "पाणी पुरत नाही" असं म्हणण्यापेक्षा "१८ लागतात, ९ आले" असं लिहा.

मुदतवाढीच्या दृष्टीनं शाळेपेक्षा मंगल कार्यालय बरं. कारण अगदी साधं आहे : पूर आषाढ-श्रावणात येतो आणि चातुर्मासात लग्नं नसतात. हॉल मोकळा, मालकाला घाई नाही, शिवाय स्वयंपाकघर मोठं, पातेली तिथलीच. खोट एवढीच की संडास-न्हाणीघरं एका दिवसाच्या पाहुण्यांच्या हिशेबानं बांधलेली असतात आणि एकाच मोठ्या हॉलमध्ये बायकांना आडोसा मिळत नाही. कार्यालयाच्या वधू-वर पक्षाच्या दोन खोल्या पहिल्याच दिवशी बाळंतिणी, आजारी आणि वयात आलेल्या मुलींसाठी राखून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी मागायला गेलात तर तिथं सामान लागलेलं असतं. केंद्र निवडायची संधी असेल, म्हणजे पाणी अजून गल्लीच्या तोंडाशी आहे, तर कार्यालयात नाव नोंदवा.

आता घराकडं. पाणी उतरलं म्हणजे घर राहण्याजोगं झालं नाही, आणि हे पटवून देण्यातच मुदतवाढ आहे. चिखल पाणी उतरता-उतरताच खराट्यानं बाहेर लोटावा लागतो, वाळला की टिकावानं काढायची वेळ येते. म्हणून घरातल्या दोघांनी दिवसा जाऊन काम करायचं आणि रात्री केंद्रात परतायचं, हा खरा क्रम. सगळ्यांनी बिऱ्हाडासकट परतायची ती वेळ नव्हे. जुन्या पेठांत पांढऱ्या मातीच्या भिंती अजून भरपूर आहेत. त्या पाण्यात असताना उभ्या दिसतात आणि पाणी गेल्यावर, ऊन लागल्यावर दोन-चार दिवसांनी बसतात. आतली माती फुगलेली असते, बाहेरचा गिलावा धरून ठेवतो, तो सुटला की भिंत खाली. जोत्याशी आडवी भेग, गिलावा ठोकल्यावर पोकळ आवाज, चौकट तिरकी होऊन दार अडकणं, यातलं एकही दिसलं तर त्या भिंतीलगत झोपायचं नाही. वीजमीटर बुडाला असेल तर वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका. आणि टाकी धुऊन, क्लोरीन टाकून झाल्याशिवाय ते पाणी पोरांना देऊ नका.

मुदतवाढीचा अर्ज तोंडी करू नका आणि शेवटच्या दिवशी तर अजिबात नको. पाणी ४३ फुटांच्या खाली यायला लागलं की त्याच दिवशी द्या. दोन प्रती : एक केंद्रप्रमुखाकडं, दुसरी तुमच्या भागाच्या महापालिका विभागीय कार्यालयात. ही कार्यालयं चार आहेत : गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट. आवक क्रमांकाचा शिक्का तुमच्याकडच्या प्रतीवर पडलाच पाहिजे. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे गप्पा. मजकूर असा चालतो :

"आमचे कुटुंब (५ व्यक्ती, पैकी १ बाळंतीण व २ मुले) नोंद क्र. … नुसार दि. … पासून या केंद्रात आहे. घराची मागील पांढऱ्या मातीची भिंत जोत्यापासून चार फूट भिजली असून आडवी भेग आहे. मीटर पाण्यात गेल्याने वीज बंद आहे. नळाला पाणी नाही. भिंतीची पाहणी व वीज जोडणी होईपर्यंत, दि. … पर्यंत, १० दिवस वास्तव्यास मुदत मिळावी. सोबत : फोटो ४."

यात जे नाही तेही बघा. "आम्ही गरीब आहोत, दया करावी" नाही. "काही दिवस" नाही, तारीख आहे. प्रत्येक कारणाला शेवट आहे : पाहणी झाली की एक कारण संपतं, वीज आली की दुसरं. अधिकाऱ्याला कायमचा पाहुणा नको असतो, त्याला तुम्ही कधी जाणार हे लिहून दिलं की सही करायला हात सैल होतो. दहा मागा, पाच मिळतील, पुन्हा मागा. भिंतीबद्दल विभागीय कार्यालयाकडं पाहणीची मागणी वेगळ्या कागदावर करा. महापालिकेनंच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली घर धोकादायक असल्याची नोटीस दिली, तर तीच महापालिका तुम्हाला त्या घरात परत जा म्हणू शकत नाही. लोक या नोटिशीला घाबरून ती टाळतात. भाडेकरूंची भीती समजण्यासारखी आहे, कारण घर एकदा रिकामं झालं की मालक परत घेईल का ही धास्ती असते. पण मुदतवाढीसाठी इतका वजनदार कागद दुसरा नाही. केंद्रावर कुणी ऐकतच नसेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लावा आणि फोनची तारीख-वेळ त्याच प्रतीच्या मागं लिहून ठेवा.

मुदतवाढ मिळालेल्यांचा एक घात हमखास होतो, आणि तो पंचनाम्यात होतो. कुटुंब केंद्रात, घराला कुलूप, पथक येऊन "घर बंद" लिहून पुढच्या गल्लीत. मग सानुग्रह अनुदानाच्या यादीत नाव नाही. २०१९ ला हे अनुदान शहरात १५,००० आणि ग्रामीण भागात १०,००० रुपये होतं, म्हणजे दोन दिवसांची गैरहजेरी केवढ्याला पडते बघा. उपाय फुकटचा : दारावर कोळशानं किंवा खडूनं मोबाइल नंबर आणि केंद्राचं नाव लिहा, शेजारच्याला सांगून ठेवा, आणि दिवसा एक मोठं माणूस घरी असू द्या. भिंत धुण्याआधी पाण्याची खूण दिसेल असा फोटो काढा, त्यात दाराची चौकट किंवा घर नंबर येऊ दे. २०१९ ला मोफत धान्याच्या शासन निर्णयात घर दोन दिवस पाण्यात असण्याची अट होती, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. अशा अटीपुढं तारखेसकटचे दोन फोटो कामाला येतात.

भाडेकरूंनी आणखी एक करावं. घरफाळ्याची पावती मालकाच्या नावावर असते आणि पंचनाम्यात मालकाचंच नाव पडतं. शिधापत्रिका, भाडेकरार, वीजबिलाची प्रत, आधार, यातलं जे असेल ते केंद्राच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी लिहून घ्या : "भाडेकरू, प्रत्यक्ष वास्तव्य". एकाच छपराखाली दोन चुली असतील तर दोन कुटुंबं म्हणून दोन ओळी लिहायला लावा. "सगळे एकाच नावावर घालतो, सोपं पडतं" असं नोंदवणारा म्हणतो. सोपं त्याला पडतं.

जनावरांचा प्रश्न मुदतीशी बांधलेला आहे, त्यामुळं दोन ओळी. चिखली-आंबेवाडीकडची माणसं म्हशी सोडून हलत नाहीत, आणि हलली तरी सोनतळीकडं, जिथं दावं बांधता येईल. माणसांचं केंद्र एकीकडं आणि जनावरं दुसरीकडं असली की घरातला एकजण कायम धारेच्या वेळी गायब असतो आणि हजेरीत "अनुपस्थित" पडतो. सलग गैरहजेरी पडली की नाव कमी होऊ शकतं. धारेच्या वेळा नोंदवहीत लिहून घ्या.

हे सगळं पुराचं. पण ज्यांचं घर पडलंच, किंवा मुळात घरच नव्हतं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी शहरी बेघर निवारा. २०२४ ला संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखालचं माप असं होतं : लाख लोकसंख्येमागं १०० माणसांचा एक निवारा, बारमाही, चोवीस तास उघडा, माणशी ५० चौरस फूट जागा. वर पाहिलेली वर्गखोली या मापानं दहाच जणांची होते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर सुमारे साडेपाच लाखांचं, म्हणजे पाच निवारे तरी हवेत. सकाळी आठला बाहेर काढून संध्याकाळी सातला आत घेणारी जागा ही रात्र काढायची जागा झाली, या मापातला निवारा नव्हे. तापानं फणफणलेलं पोर घेऊन बाई अकरा तास कुठं बसणार? शुल्क घ्यायचं तर उत्पन्नाच्या दहाव्या ते विसाव्या हिश्श्याइतकं, असं त्या अभियानाचं सूत्र होतं.

कुटुंबाच्या दृष्टीनं इथली मोठी खोट मुदतीपेक्षा फाटाफुटीची. पुरुषांचा हॉल, बायकांचा हॉल, संपलं. नवरा-बायको वेगळे, आणि चौदा वर्षांचा मुलगा एकट्या आईबरोबर असेल तर त्याला कुठंच धड जागा नाही. आईला तो बायकांच्या हॉलमध्ये नेता येत नाही, अनोळखी पुरुषांत सोडवत नाही. त्या अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याची कल्पना होती, म्हणून "कुटुंब विभाग द्या" अशी लेखी मागणी करता येते. मिळेलच असं नाही, पण मागणीचा कागद पुढच्या मुदतवाढीत उपयोगी पडतो. इथं मुक्काम वाढतो तो हालचाल दाखवल्यावर : आधार नोंदणीची पावती, शिधापत्रिकेचा अर्ज, पोराचा शाळाप्रवेश. शिक्षण हक्क कायद्यानं वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तेव्हा जवळच्या महापालिका शाळेत पहिल्याच आठवड्यात नाव घाला. शाळेचा बोनाफाईड हातात असला की वर्ष अर्धवट सोडून कुटुंबाला हलवणं कुठल्याही व्यवस्थापन समितीला जड जातं. या निवाऱ्यांना कुटुंबांसाठी दोन गुण, एकट्या पुरुषासाठी साडेतीन.

मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईसाठी सखी वन स्टॉप सेंटर. तिथं तात्पुरता निवारा ५ दिवसांपर्यंतच, तोही सोबतच्या मुलांसकट; मोठ्या मुलाला मात्र वयाची अट आहे. हेल्पलाइन १८१. पाच दिवस कमी वाटतात, आणि आहेतच. पण ही जागा पुढं शक्ती सदनात (बायकांच्या जास्त मुक्कामाच्या सरकारी निवाऱ्यात) किंवा माहेरी पाठवण्याआधीचा टप्पा म्हणून आहे. पुढच्या जागेचं बोलणं दुसऱ्या दिवशी सुरू केलं नाही तर पाचव्या दिवशी संध्याकाळी बाई पुन्हा त्याच दारात उभी राहते. सेवा चांगली, घाई फार. तीन गुण.

जाता जाता, मुदत लिहून ठेवली म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बेघर कुटुंबाला निवारा देण्याचा कायदा १९८३ पासून आहे. २०२४ ला तिथं मुक्कामाला ९ महिन्यांची हद्द घातली, ९० दिवसांच्या दोन वाढींची सोय ठेवली. २०२५ ला ती हद्द ६ महिन्यांवर आणली. तरी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे : वाढ कुणाला, हे तिथं २०२४ च्या कायद्यात नावानिशी लिहिलं होतं. गरोदर बाई, अपंग, नोकरी किंवा प्रशिक्षण सुरू असलेला, घरगुती हिंसेचा धोका असलेली. आपल्याकडं हीच कारणं केंद्रप्रमुखाच्या मनावर असतात. त्यानं ती मनावर घेतली तर बरं, पण बदली माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून सांगा.

केंद्र बंद होण्याच्या दिवशी गडबडीत सही मागितली जाते. आधी वाचा. "स्वखुशीने" असं लिहिलं असेल आणि घर अजून ओलं असेल तर सहीच्या वर "घर धोकादायक, अर्ज क्र. … प्रलंबित" एवढं स्वतःच्या हातानं घाला. मग नोंदवहीच्या त्या पानाचा, आल्याची आणि गेल्याची दोन्ही तारखा दिसतील असा, मोबाइलवर फोटो घ्या. शाळा सुरू झाली की ती नोंदवही कुठल्या कपाटात जाते ते विचारायला तिथं कुणी नसतं.